हिवाळ्यात ग्रँड कॅन्यन: पहिल्या फोटो-मुक्कामाची तयारी

हिवाळ्यात ग्रँड कॅन्यनचे फोटो काढायचे असतील तर मुक्काम कड्यावरच करा. बर्फाचं वादळ ओसरताना ढग फाटतात, दरीत उन्हाचा पट्टा उतरतो आणि थोड्याच वेळात सगळं पुन्हा झाकलं जातं. त्या वेळी तुम्ही दीड तासावरच्या हॉटेलात असाल तर पदरात काहीच पडत नाही. म्हणून हा लेख फोटोग्राफीचा असला तरी त्यातला बराच भाग झोपेबद्दल आहे. रात्रभर कुडकुडलेला माणूस पहाटे साडेपाचला स्लीपिंग बॅगमधून बाहेर पडत नाही, आणि पडलाच तरी ट्रायपॉडशेजारी तासभर उभा राहत नाही. नवीन लेन्स घेण्याआधी चांगली मॅट घ्या, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

जागा ठरवणं

पहिल्या खेपेला साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिणेकडचा कडाच निवडा. नॉर्थ रिमकडे जाणारा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. दरीत उतरून राहायचं तर बॅककंट्री परमिट लागतं आणि सगळं सामान पाठीवर न्यावं लागतं. साउथ रिमवर ग्रँड कॅन्यन व्हिलेजजवळचं मॅथर कॅम्पग्राउंड मात्र बारमाही चालू असतं आणि कडा तिथून चालत गाठता येतो. हिवाळ्यात त्याचा काही भाग बंद ठेवतात, जागा मिळवण्याची पद्धतही हंगामाप्रमाणे बदलते, त्यामुळे निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या पानावर ताजी माहिती बघा. डेझर्ट व्ह्यूचं कॅम्पग्राउंड या दिवसांत बंद असतं, ते गृहीत धरू नका.

इथे गाडी तंबूशेजारीच उभी राहते. हिवाळी कॅम्पिंग शिकायला याहून चांगली सोय नाही. काही बिनसलं तर उठून गाडीत बसता येतं. फक्त हीटर लावण्याआधी सायलेन्सरच्या तोंडावर बर्फ साचलेला नाही ना, हे उतरून बघायचं. नळी बुजलेली असेल तर धूर गाडीत शिरतो आणि ते जिवावर बेतू शकतं.

दिवस ठरवणं

साउथ रिम साधारण २,१०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत दिवसाचं तापमान ५-६ अंश सेल्सिअसपर्यंत जातं आणि रात्री सरासरी उणे ८ पर्यंत उतरतं. थंडीची लाट आली तर उणे १५ किंवा त्याच्याही खाली. तयारी सरासरीची करायची नाही, लाटेची करायची.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळाचा आणखी एक मोठा फायदा आहे. एरवी हर्मिट रोडवर खासगी गाड्यांना बंदी असते, फक्त शटल बस चालते. हे तीन महिने तो ११ किलोमीटरचा रस्ता आपल्या गाडीसाठी खुला असतो. होपी, मोहावे, पिमा या जागांवर पहाटे अंधारात आपल्या वेळेने पोहोचता येतं आणि हवामान बदललं की लगेच पुढच्या जागेवर सरकता येतं. बर्फ फार पडला तर तो रस्ताही काही काळ बंद करतात.

किमान तीन रात्री ठेवा. एक दिवस वादळात जातो, दुसऱ्या दिवशी ते निवळतं, तिसरी सकाळ स्वच्छ आणि कडाक्याची असते. सगळ्यात चांगले फोटो बहुधा त्या मधल्या संक्रमणात मिळतात. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या फ्लॅगस्टाफ कार्यालयाचा अंदाज आठवडाभर आधीपासून रोज बघत राहा. वादळ येतंय म्हणून बेत रद्द करण्याची सवय सोडा. पण वादळात गाडी चालवण्याचा हट्टही नको, ते यायच्या आत तंबू लावून झालेला असला पाहिजे. फ्लॅगस्टाफकडून येणारा घाटमाथ्याचा रस्ता बर्फात अवघड होतो. विल्यम्सकडून येणारा सुमारे ९५ किलोमीटरचा रस्ता तुलनेने सोपा, तरी टायरच्या साखळ्या डिकीत असू द्या आणि टाकी भरूनच पार्कात शिरा.

दरी ढगांनी काठोकाठ भरलेली आणि वर कोरडं निळं आकाश, असे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्याला इन्व्हर्जन म्हणतात. पाऊस किंवा बर्फ पडून दरीत ओल मुरते, मग निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री थंड जड हवा खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण येतं आणि ढग दरीतच अडकून राहतात. पूर्ण इन्व्हर्जन दुर्मीळ आहे, त्याच्यासाठी सहल आखू नका. अर्धवट इन्व्हर्जन, म्हणजे सुळक्यांच्या कमरेभोवती तरंगणारे ढग, वादळानंतरच्या सकाळी बऱ्याचदा दिसतात, आणि माझ्या मते फोटोला तेच जास्त देतात. सगळंच झाकलं गेलं तर दरीची खोली कळायची कशी?

झोपेची व्यवस्था

इथे हात आखडता घेऊ नका.

थंडी खालून जास्त लागते. अंगाखालच्या स्लीपिंग बॅगचं भरण वजनाने दबतं आणि तिथे ऊब उरत नाही, म्हणून मॅट महत्त्वाची. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती थंडी किती अडवते याचा आकडा लिहिलेला असतो. हिवाळ्यात तो एकूण ५ च्या वर हवा. दोन मॅट एकावर एक घातल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते, त्यामुळे खाली साधी फोमची आणि वर हवा भरायची, अशी जोडी उत्तम. हवेची मॅट रात्री फुटली तरी फोमवर वेळ निभावते.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल तो) आणि ‘लोअर लिमिट’ (जेमतेम निभावेल तो). कम्फर्टचा आकडा बघा, लोअर लिमिटचा नव्हे. अंदाज उणे १० चा असेल तर कम्फर्ट उणे १५ च्या आसपासची बॅग घ्या. पहिल्याच सहलीसाठी विकत घेण्यापेक्षा भाड्याने मिळाली तर जास्त बरं. बॅगमध्ये तोंड खुपसून झोपायचा मोह होतो, पण श्वासातली वाफ भरणात मुरते आणि दुसऱ्या रात्री तीच बॅग थंड लागते. नाक-तोंड बाहेर, डोक्यावर लोकरी टोपी.

तंबूचे झरोके थोडे उघडे ठेवा. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, पण बंद तंबूत रात्रभराचा श्वास कापडाच्या आतल्या बाजूवर गोठतो. पहाटे हेडलॅम्प लावून वर बघितलं तर छतावर पांढरी लव उगवलेली दिसते. खांदा लागला की ती मानेवर गळते आणि बॅग भिजवते. झरोके उघडे ठेवले तरी थोडी लव धरतेच. उठल्यावर आधी एका फडक्याने ती हलकेच टिपून घ्या, मगच हालचाल करा. आणि काहीही झालं तरी तंबूत स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तंबू लावताना सखल खड्डा टाळा, थंड हवा तिथेच साचते. बर्फाने लगडलेल्या मोठ्या फांदीखालीही नको. जमीन गोठलेली असते, त्यामुळे तंबूसोबत आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. पोलादी खुंट्या आणि हातोडी न्या.

झोपण्यापूर्वी घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून बॅगमध्ये पायाशी किंवा मांड्यांमध्ये ठेवा. ती उजाडेपर्यंत ऊब देते आणि सकाळी प्यायला न गोठलेलं पाणीही मिळतं. उद्याचे मोजे, हातमोज्यांचे अस्तर, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, फोन, सगळं बॅगच्या आत. थोडं स्निग्ध खाऊन झोपा, शरीराला रात्रभर जळण लागतं. लघवीला उठावंसं वाटलं तर लगेच उठा. कंटाळा करून पडून राहिलात तर झोपही लागत नाही आणि थंडीही जात नाही.

हा सगळा संच सहलीआधी एकदा वापरून बघा. जवळपासच्या एखाद्या थंड जागी एक रात्र काढा आणि हातमोजे घालूनच तंबू उभारा. कुठली झिप अडकते, हेडलॅम्प कुठे सापडत नाही, हे तिथे कळलेलं बरं.

चूल आणि पाणी

गॅसचा छोटा डबा थंडीत रुसतो. साध्या ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश आहे, त्याखाली त्याची वाफच होत नाही. आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत साथ देतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. म्हणून आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा घ्या आणि तो रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा. गाडी जवळ असल्याने प्रोपेनवर चालणारा मोठा स्टोव्ह नेलात तर हा प्रश्नच उरत नाही. डबा असो वा सिलिंडर, तो बर्फावर न ठेवता फळीवर ठेवा.

थंडीत तहान लागत नाही, पण इथली हवा कोरडी आणि उंचीवरची आहे, पाणी आठवणीने प्यावं लागतं. साउथ रिमला पाणी पुरवणारी ट्रान्सकॅन्यन पाइपलाइन जुनी आहे आणि अधूनमधून फुटते, त्यामुळे दोन दिवसांचं पाणी गाडीत स्वतःचं असू द्या. बाटल्या उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, मग झाकण मोकळं राहतं. लाकूडफाटा पार्कात गोळा करायला मनाई आहे, तो बाहेरून विकत आणा आणि शेकोटी तिच्यासाठी ठरलेल्या रिंगणातच पेटवा.

कपडे: चालण्याचे वेगळे, थांबण्याचे वेगळे

फोटोग्राफरची अडचण गिर्यारोहकाहून वेगळी असते. गिर्यारोहक चालत राहतो, आपण कड्यावर तासभर जागचे हलत नाही. अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, हे चालताना पुरतं. सुती काहीच नको, घामाने भिजलं की वाळत नाही. जागेवर पोहोचलात की शरीर गार पडायच्या आत, सगळ्याच्या वर एक जाड पफी जॅकेट चढवा. गार पडल्यावर चढवलं तर ऊब यायला फार वेळ लागतो.

पायांसाठी एक युक्ती सांगतो. जुन्या फोम मॅटचा पाट-एवढा तुकडा कापून कॅमेऱ्याच्या बॅगला बांधा. ट्रायपॉड लावला की तो बर्फावर टाकायचा आणि त्यावर उभं राहायचं. तळव्यातून शिरणारी थंडी निम्मी कमी झाल्यासारखी वाटते. बूट जाड मोज्यांसह सैल बसणारे हवेत, घट्ट बुटात रक्त खेळत नाही.

हातांसाठी आत पातळ अस्तर आणि वर बोटं एकत्र असणारे मिटन. बटण फिरवायचं तेवढ्यापुरतं मिटन काढायचं, ते मनगटाला दोरीने बांधलेलं असू द्या. कड्यावरून खाली गेलेलं मिटन परत मिळत नाही.

कॅमेऱ्याची तयारी

लिथियम-आयन बॅटरी थंडीत लवकर मान टाकते. ती मेलेली नसते, अंगाशी ठेवून गरम केली की पुन्हा चालते. तीन बॅटऱ्या ठेवा, एक कॅमेऱ्यात आणि दोन आतल्या खिशात, आणि त्या आलटून-पालटून वापरा. हेडलॅम्पमध्ये लिथियमचे सेल घाला, अल्कलाइन सेल थंडीत टिकत नाहीत.

कॅमेरा बाहेर थंडच राहू द्या. दर वेळी उबदार गाडीत आणून परत बाहेर नेलात तर काचेवर दव धरतं आणि बाहेर ते गोठतं. आत आणायचाच असेल तर बाहेर असतानाच हवाबंद पिशवीत घाला, आणि पिशवी आत एक-दोन तास उघडू नका. दव मग पिशवीवर बसतं. लेन्सवरचा बर्फ फुंकून कधीच उडवू नका, वाफ तिथेच गोठते. रबरी ब्लोअर किंवा मऊ ब्रश वापरा.

ट्रायपॉड कार्बन फायबरचा असेल तर बरं, धातूचा असेल तर वरच्या पायांना फोम गुंडाळा. मऊ बर्फात पाय पूर्ण फाकवून रोवलात तर बर्फ त्यांना बाहेर ढकलतो आणि सांधा मोडू शकतो. आधी अर्धवट फाकवून खाली दाबा, कठीण थर लागला की मग पसरवा.

लेन्समध्ये ७०-२०० मिलिमीटरची झूम सगळ्यात जास्त काम करते. ढगातून डोकावणारा सुळका, एका कड्यावर पडलेलं ऊन, हे सगळं लांब आहे, दरी काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आहे. वाइड लेन्स जवळ बर्फाने वाकलेलं ज्युनिपरचं झाड वगैरे काही असेल तेव्हाच काढा.

पहाटेचा क्रम

डिसेंबरअखेर सूर्योदय साधारण ७:४० ला आणि सूर्यास्त ५:१५ च्या सुमारास होतो. ॲरिझोनात घड्याळ वर्षभर एकच असतं, शेजारच्या राज्यातून येताना तेवढं ध्यानात ठेवा. ५:३० ला उठा, काहीतरी गरम प्या, आणि सूर्योदयाच्या तासभर आधी जागेवर पोहोचा. जागा आदल्या दिवशी उजेडात बघून ठेवलेली असली पाहिजे. अंधारात आणि बर्फात कड्यावर नवी जागा शोधत फिरू नये.

आता प्रकाश कुठून येतो ते बघा. साउथ रिमवरून आपण उत्तरेकडे बघतो आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो. भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून सुमारे ३० अंशच वर असतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारी सपाट दिसणारी दरी हिवाळ्यात दिवसभर सावल्यांनी कोरलेली दिसते. आपल्या पायांखालचा कडा मात्र उत्तरमुखी असल्याने सावलीत, निळा राहतो. उजळलेली समोरची बाजू आणि ही निळी सावली यांत फरक फार असतो, म्हणून ब्रॅकेटिंग करून, म्हणजे उजेड कमी-जास्त ठेवून, दोन-तीन एक्स्पोजर घेऊन ठेवा.

सूर्योदयाआधी पश्चिमेला क्षितिजावर निळसर करडा पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा दिसतो. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. मॅथर किंवा यावापाई पॉइंटवरून त्या दिशेने फोटो घ्या. सूर्य वर आला की त्याच बाजूच्या सुळक्यांच्या टोकांना आधी ऊन लागतं. पूर्वेकडे वळलात तर डोंगररांगांचे एकामागे एक फिकट होत जाणारे थर मिळतात. संध्याकाळी उलट करा. यावापाईवरून पूर्वेकडे विष्णू टेंपल आणि वोटन्स थ्रोन हे दरीतले खडकाचे डोंगर तांबडे होताना दिसतात. विष्णू टेंपल हे नाव १८८० च्या सुमारास भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी दिलेलं आहे. दरीत ब्रह्मा आणि शिवा टेंपलही आहेत. नदीचं वळण हवं असेल तर लिपन पॉइंट गाठा. याकी पॉइंटवर खासगी गाडी नेता येत नाही.

बर्फ पडून गेल्यावर एका गोष्टीकडे निवांत बघा. उभ्या कड्यांवर बर्फ ठरत नाही, उतारांवर ठरतो. वरचा कैबाब चुनखडक, खाली कोकोनिनोची फिकट भिंत, मग हर्मिटचा तांबडा उतार, सुपाईच्या पायऱ्या आणि त्याखाली रेडवॉलचा ताठ कडा. एरवी रंगांच्या गर्दीत हे थर वेगळे काढावे लागतात, बर्फ पडला की वहीच्या रेघांसारखे आखून मिळतात. रेडवॉलचा दगड मुळात करडा आहे, वरच्या थरांतलं लोह ओघळून तो लाल झालाय. ओला झाला की हा रंग गडद होतो, आणि बर्फाशेजारी तर फारच खुलतो. आणखी खाली बर्फाची रेघ अचानक संपते, कारण तळ कड्यापेक्षा बराच उबदार असतो आणि तिथे त्याच ढगांतून पाऊस पडलेला असतो. ही रेघ झूमने टिपा. दीड किलोमीटरची खोली एका फोटोत सांगायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

एक्स्पोजरबद्दल एवढंच. कॅमेऱ्याचा मीटर बर्फाला करडा करतो. एक्स्पोजर १ ते १.७ स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजवीकडे जाऊ द्या पण उजव्या टोकाला टेकू देऊ नका. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, सावलीतल्या बर्फाचा निळेपणा किती ठेवायचा ते नंतर ठरवता येतं. माझं मत विचाराल तर तो पूर्ण काढू नका, थंडी त्यातच दिसते.

दुपार आणि रात्र

दुपारी साउथ कैबाब वाटेने ऊ-आ पॉइंटपर्यंत उतरून या. अंतर एका बाजूने दीड किलोमीटरहून थोडं कमी, उतार सुमारे १८० मीटर. वाटेचा वरचा भाग सावलीत असतो आणि बर्फ तुडवून काचेसारखा गुळगुळीत होतो. बुटांना मायक्रोस्पाइक (बर्फावर पकड देणारे काटे) लावल्याशिवाय पाऊल टाकू नका. चढून यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा.

रात्रीचं आकाश इथे अप्रतिम असतं. २०१९ मध्ये ग्रँड कॅन्यनला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. आकाशगंगेचा मध्यभाग हिवाळ्यात दिसत नाही, पण मृग नक्षत्र झळकतं, आणि १३-१४ डिसेंबरच्या आसपास जेमिनिड उल्कावर्षाव भरात असतो. लेन्सभोवती रबरबँडने हात शेकायची पुडी बांधा, नाहीतर काचेवर हिम धरतं.

जिथे हयगय चालत नाही

कड्याला बहुतेक ठिकाणी कठडा नाही. बर्फ काठाच्या पुढे येऊन गोठतो आणि खाली खडक नसतानाही जमीन असल्यासारखी वाटते. कड्यापासून किमान २ मीटर मागे राहा, ट्रायपॉडही मागेच. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा असताना पाय हलवू नका.

सोबत्याची बोली अडखळायला लागली, तो ठेचकाळायला लागला, हातातल्या वस्तू पडायला लागल्या, तर शरीराचं तापमान घसरतंय. फोटो सोडा. त्याला वाऱ्याआड न्या, ओले कपडे बदला, गरम गोड पेय द्या, गाडीत बसवा. लगेच फरक पडला नाही तर मदत बोलवा. बोटं पांढरी, बधिर झाली तर चोळू नका, काखेत धरून ऊब द्या. फोनची रेंज सगळीकडे नसते, कुठे जाताय आणि कधी परतणार ते कोणाला तरी सांगून जा.

एल्क ही मोठी हरणं कॅम्पग्राउंडमध्ये बिनधास्त फिरतात. त्यांच्यापासून ३० मीटर दूर राहा आणि खाणं गाडीत बंद ठेवा. ड्रोनला पार्कात बंदी आहे.

परतल्यावर

कार्डांच्या दोन प्रती मुक्कामीच करा, शक्यतो रोज रात्री. घरी आल्यावर कॅमेऱ्याची बॅग बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग सगळं उघडून रात्रभर कोरडं होऊ द्या. ट्रायपॉडचे पाय सुटे करून पुसा, सांध्यांत वितळलेलं पाणी आणि कैबाबची बारीक माती राहते. तंबू कितीही कोरडा वाटला तरी दोन दिवस पसरून ठेवा. स्लीपिंग बॅग पिळून पिशवीत कोंबू नका. मोठ्या सैल खोळीत ठेवली तर तिचं भरण पुढच्या हिवाळ्यातही तितकंच फुलतं.